पेरूच्या फांदीची गाठ

जगात परवानगी मागायची रीत अजून शिल्लक आहे ती एका माणसामुळे, आणि तो माणूस दोन वर्षं माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. निवृत्त झाल्यावर वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतलं क्वार्टर सोडून मी जवळच घर बांधलं, आणि वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावचा हा घरूनच काम करणारा कॉम्प्युटर इंजिनिअर भाडेकरू म्हणून आला. "काकाजी, वर जाऊ का?" असं तो रोज जिन्याशी विचारायचा. अरे बाबा, तुझं घरच वर आहे, तर जाशील कुठे? कूलर लावू का, पेपर नेऊ का, सगळं विचारून. नेलेला पेपर परत यायचा तो मूळच्या घडीत, आणि वर "वापस आणला जी" अशी वर्दीही यायची.

अंगणातल्या पेरूला त्याने गावाकडची रीत लावली. तोडणाऱ्याने फांदीला गवताची गाठ मारायची, गाठ दिसली की बाकीच्यांनी थांबायचं, आणि तोडून झालं की गाठ सोडायची. "आमच्या गावात मोहाच्या झाडाखाली असंच चालते, काकाजी. भांडण नाई होत." झालं! माझ्याच झाडापुढे मी ताटकळू लागलो. बायकोला मात्र ही रीत फार पटली. नवऱ्याला थांबवायचं साधन तिला फुकटात मिळालं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचं हसू मावळलं. तो ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचा त्यात म्हणे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरे खोटे कॉम्प्युटर चालतात, आणि त्यांची डिस्क म्हणजे नुसती एक मोठी फाइल. तिच्यात दोघांनी एकदम लिहिलं की सगळाच विचका, म्हणून लिहिण्याआधी परवानगी घ्यायची. बॅकअपवाला, म्हणजे त्या फाइलची नक्कल काढणारा प्रोग्रॅमही, अशीच परवानगी घ्यायचा. पण कधी कधी त्याच्यानंतर डिस्कच्या मालकालाच, त्या खोट्या कॉम्प्युटरला, लिहायला नकार मिळायचा. "शुक्रवारपर्यंत नाई सापडलं तर नोकरी गेली, काकाजी. मंग गावाले वापस." परवानगीच्या पुजाऱ्याला परवानगीनेच दगा दिला म्हणून मी आधी हसलो. पण बायकोने वर पाठवलेलं ताट तसंच झाकलेलं पाहिलं आणि वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी बायको गाठ मारून पेरू तोडत होती. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू चाललं आणि ती आत धावली. मी दहा मिनिटं झाडाखाली उभा. शेवटी ओरडलो, "अवो, गाठ कोन सोडन?"

वरून तो धडधडत खाली आला, दोन वर्षांत पहिल्यांदाच न विचारता. "काकू गाठ न सोडताच गेल्या?"

"दूध उतू गेलं ना बा!"

"तेच, काकाजी! काम नीट झालं तर गाठ सुटते. मधातच गडबड झाली तर बॅकअपवाला पळते, अन् गाठ तशीच राह्यते! मी गाठ मारतानाचंच पाहून राह्यलो होतो, पळतानाचं पाह्यलंच नाई!"

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली आणि नोकरी वाचली. इतकी वाचली, की कंपनीने त्याला हैदराबादच्या ऑफिसातच बोलावून घेतलं.

जायच्या दिवशी त्याने वाटेसाठी चार पेरू तोडले आणि फांदीवरची आपली गाठ सोडली. "झाड मोकळं केलं, काकाजी. जाऊ का?"

"जाऊ का म्हणू नाई. येऊ का म्हण."

"येऊ का?"

आजवरच्या सगळ्या परवानग्या मी हसत दिल्या होत्या. ही मात्र झाडाकडे बघत दिली.

यंदा झाड पेरूंनी लगडलंय. परवा मीच एका फांदीला त्याच्या नावाची गाठ मारली. काम नसताना गाठ ठेवणं चूक, हे त्यानेच मला शिकवलंय. पण सोडवत नाही, आणि बायकोही त्या फांदीला हात लावत नाही.