कृष्णविवर आणि दुप्पट मीठ

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आले, ती मनातल्या मनात डॉक्टर होऊनच. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. माझा विषय होता गॅमा किरण सोडणारी ताऱ्यांची एक जोडी. त्यातला मोठा तारा दिसतो. जोडीदार छोटा, जडशीळ आणि न दिसणारा. तो कृष्णविवर आहे की न्यूट्रॉन तारा, एवढंच ओळखायचं. त्याच्या ओढीने मोठा तारा किती हेलकावतो हे मोजलं की छोट्याच्या वजनाचा अंदाज येतो. भारी निघालं तर कृष्णविवर. माझं भारी निघालं होतं. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता, आणि कृष्णविवर शोधणारी मुलगी म्हणून मिरवायची मला फार हौस होती.

घरी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपवाटिका, टाकायची घाई चालली होती. पेरण्याआधी आई धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकते. पोचट वर तरंगतं, भरीव तळाशी बसतं. ते काम माझ्यावर सोपवून ती बांधीवर, धानाच्या शेतात, गेली. तिने काढून ठेवलेलं मीठ मला कमी वाटलं. विज्ञान शिकलेली ना मी, दुप्पट टाकलं. परीक्षा कडक म्हणजे बी पक्कं. निम्मं बी वर आलं, ते मी खुशाल कोंबड्यांसाठी सुपात काढलं.

आई परतली. सुपातले दोन दाणे तिने दाताखाली फोडले. आत तांदूळ गच्च भरलेला.

"काऊन वं, इतकी बिजाई काऊन फेकून राहिली?"

"वर आली ना."

"पाणीच खारट करून ठेवलं तुनं. मंग बिजाई वर नाही येईल त का करल?"

तिने मापाचं पाणी नव्याने केलं आणि सुपातलं बी त्यात ओतलं. बहुतेक सगळं तळाला गेलं. ती रागावली नाही, पुढच्या कामाला लागली.

मी मात्र तिथेच उकिडवी बसून राहिले. प्रबंधात मी हेच केलं होतं. मोठ्या ताऱ्यावरून सुटणाऱ्या जोराच्या वाऱ्याने काही मोजमापं बिघडतात. ती गाळायला मी इतकी कडक अट लावली होती, की आलेखात मला हव्या त्या रेषेपासून जरा हललेला प्रत्येक बिंदू बाहेर. गाळलेल्यांतला एकही मी पुन्हा तपासला नव्हता.

परत जाऊन एकेक तपासला. बरेचसे चांगले निघाले. ते धरल्यावर वजन असं आलं, की जोडीदार दोन्हींपैकी काहीही असू शकत होता. मी खूप रडले. मार्गदर्शक सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, आपणच पकडलं." आणि मी निष्कर्षात लिहिलं: या मोजमापांवरून सांगता येत नाही.

खोटं कृष्णविवर माझ्या नावावर लागता लागता राहिलं, ते आईमुळे. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. पदवी मिळाली त्या दिवशी फोनवर तिला हे सगळं सांगितलं.

"मंग का निघालं थे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. तसंच लिहिलं."

"माहीत नाही लिवलं तरी डाक्टर करतेत?"

"करतात."

ती म्हणाली, "चांगले लोक हायेत मंग."