भाच्याची हमी

काहीही विचारलं की ताई आधी चष्मा काढायच्या, पांढऱ्या कोटाच्या टोकाला पुसायच्या आणि म्हणायच्या, "थांबा भाऊ, मला माहीत असेल तेवढंच सांगते." आणि खरंच तेवढंच सांगायच्या.

हॅमिल्टनमधल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात त्या लॅबमध्ये होत्या, मी मेंटेनन्समध्ये. मी पुण्याचा, त्या नागपूरच्या. असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, तर त्याच्याबरोबर काम करणं किती गैरसोयीचं असतं हे तुम्हाला सांगायला नको. बाहेर ट्रक उभा असायचा आणि आमचा मॅनेजर दारातून डोकं घालून विचारायचा, सॅम्पल पास होईल ना, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम झकास? ताई म्हणायच्या, टेस्ट संपायला चाळीस मिनिटं आहेत. होईल असं वाटतं का, एवढं तरी सांग, असं तो म्हणाला तरी त्या सांगायच्या नाहीत. शेवटी शेवटी तो चहाचा मग घेऊनच यायचा आणि चाळीस मिनिटं तिथेच बसायचा.

सगळे त्यांना 'ताई'च म्हणत, गोरे लोकसुद्धा. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका माओरी बाईंनी एकदा सांगितलं की त्यांच्या भाषेत 'ताई' म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी. ताईंनी चष्मा पुसत विचारलं, "मग मी यातली कोणती?" त्या बाई पोट धरून हसल्या. ताई मात्र उत्तराची वाट बघत होत्या.

त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी क्राइस्टचर्चला. हॅमिल्टनमध्ये त्या एकट्याच राहायच्या. त्यांचा एक भाचा, भावाचा मुलगा, ऑकलंडला बिल्डिंगच्या कामावर आहे, एवढं मला माहीत होतं. आंबेडकर जयंतीला तो त्यांच्या घरी आला होता, तेव्हा मी त्याला पाहिलंही होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, हसतमुख. पन्नास माणसांना त्याने एकट्याने वाढलं होतं.

एका सकाळी ताई लॅबच्या बाहेर उभ्या दिसल्या. हातात गाडीची चावी होती. भाच्याला रस्त्यात पोलिसांनी गाडी तपासायला थांबवलं होतं आणि व्हिसा संपलेला निघाला. संपूनही दीड वर्ष झालेलं. त्याला हद्दपारीची नोटीस देऊन कोठडीत ठेवलं होतं. मी त्यांच्या हातातून चावी घेतली आणि आम्ही ऑकलंडला निघालो.

खरी गोष्ट अशी होती. ज्या कंत्राटदाराच्या नावावर त्याला व्हिसा मिळाला होता, त्याचा धंदा पाच महिन्यांत बंद पडला. व्हिसा त्याच एका मालकाशी बांधलेला. तेव्हाच आत्याला सांगितलं असतं तर काही तरी मार्ग निघाला असता. पण गावाकडे सगळ्यांना तो परदेशात स्थिरावल्याचं सांगून झालं होतं. तो गप्प राहिला आणि मिळेल तिथे भिंती रंगवत राहिला. आत्याचा फोन आला की सगळं छान आहे म्हणायचा. जयंतीला पन्नास पानं वाढत होता, तेव्हाही त्याच्याकडे व्हिसा नव्हता. कोठडीत भेटायला गेलेल्या ताईंना हे त्याने स्वतःच सांगितलं.

परतीच्या वाटेवर ताई फक्त एकदा बोलल्या. "मी रोज दुधातली भेसळ शोधते भाऊ, आणि हे मला फोनवर कळलं नाही."

हद्दपारीचा हुकूम रद्द करावा म्हणून अर्ज करता येत होता. त्याचा निकाल लागेपर्यंत न्यायाधीश त्याला बाहेर सोडू शकत होते, पण त्यासाठी राहायला पक्का पत्ता आणि एक हमीदार हवा होता. तो पळणार नाही, ठरल्या दिवशी इमिग्रेशनच्या ऑफिसात हजर होईल, याची जबाबदारी घेणारं माणूस. ताईंनी लगेच स्वतःचं नाव दिलं.

वकीलबाई तरुण आणि कामाच्या होत्या. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर त्यांनी ताईंना समजावलं की व्हिसा संपल्याचं मुलाला नीट कळलं नव्हतं असं म्हणा, आणि तो पळणार नाही याची मला पूर्ण खात्री आहे असं ठामपणे सांगा. ताईंनी चष्मा काढला. पहिलं खोटं आहे, दुसरं मला माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी अकरा वर्षं त्यांच्या लॅबची मशिनं दुरुस्त करत होतो.

आत भाचा काचेपलीकडे उभा होता. अकरा दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता. न्यायाधीशांनी ताईंना नेमकं तेच विचारलं, हा मुलगा पळून जाणार नाही याची तुम्हाला खात्री आहे का? वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

ताई इंग्रजीत, सावकाश बोलल्या. उद्या तो काय करेल हे मला माहीत नाही. तो माझ्याशी दीड वर्ष खोटं बोलला आहे. मी काय करेन ते मात्र मला माहीत आहे. तो माझ्या घरात राहील, मी स्वतः त्याला हजेरीला नेईन, आणि तो गेला तर तुम्हाला पहिला फोन माझाच येईल.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. वकीलबाईंचा चेहरा पडला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. मग ते म्हणाले, या कोर्टाला आज मिळालेलं हे सर्वांत उपयोगी उत्तर आहे. रोज रात्री मुक्काम ताईंच्या घरी, सोमवारी आणि गुरुवारी हजेरी, अशा अटींवर त्यांनी त्याला सोडलं.

काम करायला बंदी होती, म्हणून तो ताईंच्या घरात स्वयंपाक करायचा आणि बागेत वाफे करायचा. ताईंनी शिफ्ट बदलून घेतली. सोमवारी आणि गुरुवारी दहाच्या आत दोघं ऑफिसच्या दारात. तिथल्या रिसेप्शनवरची मुलगी त्यांना किआ ओरा, म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणायची, ताई तिला जय भीम म्हणायच्या. महिन्याभरात ती मुलगीही जय भीम म्हणू लागली.

मग एका बुधवारी दुपारी ताई शिफ्ट संपवून घरी गेल्या तर तो नव्हता. बॅगही नव्हती. अर्जाचं काही खरं नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ताईंचा मला फोन आला, "भाऊ, ऑकलंडला, फ्लॅट बुशला जायचं आहे. संध्याकाळपर्यंत तो घरी आला नाही तर मला कोर्टाला फोन करावा लागेल."

त्याचे कामावरचे जुने सोबती तिथल्या एका मोठ्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये राहत. संपूर्ण रस्ताभर ताईंनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला होता. बेल वाजवल्यावर दार त्यानेच उघडलं. कडाक्याची थंडी आणि हा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून उभा. ताईंना बघून एक पाऊल मागे सरला.

"काय करून राहिला तू इथे?" ताईंनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "आत्या, तू मला पकडून देशील?"

"हो."

त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"देईन. पण तुला न सांगता नाही, म्हणून इतक्या लांब आले. मी कोर्टात शब्द दिला आहे आणि मला खोटं बोलता येत नाही. तू तर बघितलंस." त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली. मग म्हणाल्या, "बूट कुठे आहेत तुझे? पाय निळे पडले आहेत बाळा."

तो आत गेला. आम्ही दोघं दारात उभे. मागच्या दाराने निघून गेला तर, असं माझ्या मनात आलं, आणि ताईंच्याही आलं असणार. पाच-सात मिनिटांनी तो बूट घालून, बॅग घेऊन बाहेर आला. हॅमिल्टन येईपर्यंत तो मागच्या सीटवर रडत होता. ताई पुढे बघत होत्या. फक्त एक हात मागे केला होता, तो त्याने धरून ठेवला होता.

अर्ज शेवटी नामंजूरच झाला. पाच वर्षं इथे परत येता येणार नाही, असं कळलं. तो आता नागपुरात रंगकामाची कंत्राटं घेतो, हाताखाली चार माणसं आहेत, आणि व्हिसाबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणे अगोदर स्वतःची गोष्ट सांगतो. ताई गेल्या वर्षी रिटायर होऊन क्राइस्टचर्चला मुलीकडे गेल्या. लॅबमध्ये त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. ट्रक थांबलेला असला की तो म्हणतो, होऊन जाईल. मॅनेजर आता चहा घेऊन येत नाही.

मला ताई आठवतात त्या एअरपोर्टवरच्या. भाच्याला त्यांनी स्वतः आणून पोचवलं होतं, दिलेल्या वेळेच्या तासभर आधी. तो त्यांच्या पाया पडला आणि दोन अधिकाऱ्यांबरोबर आत गेला. थोड्या वेळाने एक अधिकारी बाहेर येऊन म्हणाला, तुमचं काम झालं, तुम्ही जाऊ शकता. मीही म्हटलं, चला ताई. त्या म्हणाल्या, "विमान उडेपर्यंत माझी हमी आहे," आणि उड्डाणांच्या फलकासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

आम्ही दीड तास बसलो. फलकावर विमान उडाल्याचं झळकलं. थोड्या वेळाने ती ओळही गेली आणि खालच्या ओळी एकेक करून वर सरकल्या. मी पार्किंगचं तिकीट हातात घेऊन उभा राहिलो.

ताई बसूनच होत्या.