मूळ प्रत धुळ्याला, नक्कल जळगावला

पत्रकं मी शेकड्यांनी लिहिली. जिनिंगच्या मालकांवर लिहिली, कामगार खात्यावर लिहिली, पाण्याच्या टाकीवर, रेशनच्या तेलावर लिहिली. दुसऱ्याचं पाप चार ओळींत कसं मांडायचं ते मला झोपेतही येतं. स्वतःचं मांडायला बसलो, तर सकाळपासून तीन कागद फाडून झाले. हे आमच्या संघटनेच्या अक्कांना माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माहीत नाही. आता तुम्हाला सांगतोय — का तुम्हालाच? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण आधी तो काळ सांगू द्या. (बघा, टाळतोय. कळतंय मला.)

जळगावात तेव्हा केबल नवी नवी आली होती. गच्चीवरून गच्चीवर काळी वायर, कुठे लिंबाच्या फांदीला बांधलेली, कुठे कुणाच्या वाळवणाच्या दोरीलाच गुंडाळलेली. आमच्या ओळखीचे केबलवाले लोटनभाऊ. त्यांनी जुन्या गावात एका शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली होती. दोन व्हीसीआर, एक छोटा टीव्ही, एक पंखा — तो माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी. त्या खोलीत कॅसेट लागली, की गल्लीगल्लीतल्या शे-सव्वाशे घरांत तेच चित्र दिसायचं. आम्हाला ते जादूसारखं वाटे. आमच्या पत्रकाला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला चार पाय आणि एक दुपार लागायची.

आमची संघटना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, काम करणाऱ्या बायकांची. कापसाचा तंतू नाकातोंडात जाऊन खोकणाऱ्या, यंत्राच्या पट्ट्याशेजारी पदर सावरत उभ्या राहणाऱ्या बायका. मी बावीस वर्षांचा होतो आणि त्यांच्या वतीने भयंकर संतापलेला असायचो. संघटनेच्या प्रमुख अक्का — धुळ्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या ओट्यावर आमच्या बैठका व्हायच्या, आणि बैठकीनंतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. आपण जग बदलतोय या खात्रीची चवही तिच्यात होती बहुतेक.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने आम्हाला चार दिवस कॅमेरा वापरायला दिला. अमळनेर, धुळे, चोपडा फिरून आम्ही बायकांना बोलतं केलं. पाच कॅसेटी भरल्या. आणि लोटनभाऊ म्हणाले, दर रविवारी सकाळी पाऊण तास तुमचा. फुकट. त्यांची आई आयुष्यभर जिनिंगमध्ये होती, त्यांना वेगळं काही समजवावं लागलं नाही.

मग प्रश्न आला : कॅसेटी ठेवायच्या कुठे?

तुम्हाला हसू येईल, पण यावर आम्ही दोन बैठका भांडलो. यंत्र जळगावला, कॅसेटी धुळ्याला. एक मत असं, की सगळ्या अक्कांच्या लोखंडी कपाटात राहू द्या, दर शनिवारी एक कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि सोमवारी परत मागवायची. लोटनभाऊ त्या बैठकीला मुद्दाम आले होते. म्हणाले, "पारोळ्याले गाडी बंद पडनी तं? लोकं काय कोरा टीव्ही देखतीन? इहीर एक गावले आणि पोहरा दुसरा गावले, असं कुठे ऱ्हास का अक्का?" त्यांचं म्हणणं, विहिरीजवळ पोहरा, तशी कॅसेट यंत्राजवळच हवी. सगळ्या माझ्याकडे ठेवा.

अक्का म्हणाल्या, "सोनाराचा हात कितीही चांगला असला, तरी दागिने काही आपण त्याच्या घरी ठेवत नाही, लोटन."

सगळे हसले. लोटनभाऊ सर्वांत जास्त.

तोडगा मी काढला. उभा राहून, बोट वर करून, पत्रकासारखा : मूळ प्रत धुळ्याला, नक्कल जळगावला! टाळ्यासुद्धा पडल्या. नक्कल करायला दोन व्हीसीआर लागतात आणि ते फक्त लोटनभाऊंकडे. म्हणून मूळ कॅसेट एकदाच जळगावला न्यायची, नक्कल उतरवायची, त्याच दिवशी परत आणायची. हे काम माझं. मीच मागून घेतलं.

लोटनभाऊंनी तेव्हा एक गोष्ट दाखवली होती. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला, की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, यंत्र घेतच नाही. मूळ प्रतींचे हे तुकडे मोडून टाका, म्हणाले. मी नाही म्हणालो. आमच्या संघटनेत कुठलीही वस्तू एकदा वापरून टाकायची नाही, असा दंडकच होता. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर हजेरी, हजेरीच्या समासात हिशेब, आणि शेवटी त्याच कागदात अक्का शेंगदाणे बांधून द्यायच्या. कॅसेट उद्या पुन्हा भरायला लागली तर? तुकडा मोडणं म्हणजे चैन. असं मी त्यांना ऐकवलं. चारचौघांत.

चौथी कॅसेट ध्रुपदाबाईंची होती.

ध्रुपदाबाई अमळनेरच्या. त्यांची मुलगी सोळाव्या वर्षी पट्ट्यात सापडली. वेणी आधी गेली. मालकाने लिहून दिलं, की मुलगी त्या दिवशी कामावरच नव्हती, बाहेरून आत शिरली. ध्रुपदाबाई त्यावर कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या — नवऱ्याशीही नाही, असं त्यांची भाची सांगायची. कॅमेऱ्यापुढे वीस मिनिटं बोलल्या. रडल्या नाहीत. मुलीने त्या दिवशी डब्यात काय नेलं होतं ते सांगितलं, रिबिनीचा रंग सांगितला, हजेरीच्या वहीत तिचं नाव कितव्या ओळीत होतं तेही सांगितलं. आम्ही सगळे खाली बघत होतो. मुलीच्या मृत्यूची सरकारी चौकशी लागणार होती, आणि अक्का म्हणत होत्या, की हीच कॅसेट साहेबांपुढे ठेवायची.

आता येतो मुद्द्यावर. की अजून थोडं थांबू? — नको.

त्याच कॅमेऱ्यावर अमळनेरच्या सभेतलं माझं भाषणही घेतलेलं होतं. पंचवीस मिनिटं. ते मी कुणाला न सांगता पिशवीत टाकलं. शनिवारी जळगावला पोचलो तेव्हा मनात असं, की नक्कल करताना आधी माझं भाषण उतरवायचं, मग ध्रुपदाबाई. लोकांना पार्श्वभूमी नको का? कुणीतरी विषय समजावून सांगायला नको? हे मी स्वतःला त्याच आवाजात सांगितलं, ज्या आवाजात सभेत बोलतो.

दुपारची वेळ. माकडांनी कुठेतरी वायर तोडली होती, म्हणून लोटनभाऊ शेजारच्या गच्चीवर गेले. जाताना म्हणाले, दहा मिन्टं थांबा, मी येऊन लावतो. मी थांबलो नाही. ते आले असते, तर भाषण कशाला, असं विचारलं असतं ना. एका यंत्रात माझं भाषण लावलं, दुसऱ्यात कोरी कॅसेट. निदान मला ती कोरी वाटली. सगळ्या काळ्या, सगळ्यांवर पाठकोऱ्या कागदाची सारखी चिठ्ठी. चिठ्ठी वाचायला किती वेळ लागतो? मी वाचली नाही. मी टीव्हीकडे बघत होतो. टीव्हीवर मी होतो.

पंचवीस मिनिटं मी स्वतःला बघितलं. हात कसा उचलतो, कुठे थांबतो, टाळ्या कुठे आल्या. सुंदर दिसत होतो, खोटं कशाला सांगू? मग ध्रुपदाबाईंची म्हणून दुसरी कॅसेट लावली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढे पळवली — मुंग्या. भाषण उतरवलेली पहिली काढून चिठ्ठी वाचली. 'ध्रु. — अमळनेर — मूळ.' अक्षर माझंच.

लोटनभाऊ घाम पुसत आले. झालं का, म्हणाले. मी म्हणालो, "झालं."

त्याच वेळी सांगितलं असतं तर? एक मूर्खपणा, इतकंच राहिलं असतं. अक्का दोन दिवस बोलल्या नसत्या. मी मात्र तीच कॅसेट त्यांच्या हातात ठेवली, उद्या ही लावा म्हणालो, आणि धुळ्याची गाडी पकडली. वाटेत काय विचार करत होतो सांगू? उद्या वीज जावी. बस, एवढाच.

वीज गेली नाही.

रविवारी ध्रुपदाबाई अमळनेरहून भाचीकडे जळगावला आल्या होत्या, स्वतःचं बोलणं बघायला. ठेवणीतलं लुगडं नेसून. भाचीने शेजारपाजारच्या बायका बोलावल्या, मुलीचा फोटो टीव्हीवर आणून ठेवला. आणि टीव्हीत मी. पंचवीस मिनिटं मी, 'आमच्या मायबहिणींचा दाबलेला आवाज' या विषयावर. त्या संपेपर्यंत बसून राहिल्या. मग फोटो उचलून पिशवीत ठेवला आणि भाचीला विचारलं, "मनं कधी लागी?" माझं कधी लागेल? तिने सांगितलं, झालं मावशी, संपलं.

सोमवारी अक्कांनी मला विचारलं. मी तयार होतो. म्हणालो, मी मूळ प्रत लोटनभाऊंच्या हातात दिली होती, नक्कल ते करणार होते, माझ्या भाषणाची कॅसेटही पुढे कधीतरी लावायला म्हणून त्यांच्याकडेच ठेवली होती, मला गाडी गाठायची होती. एवढंच. बाकीचं काम दुसऱ्यांनीच केलं. कुणीतरी म्हणालं, त्यांची वायर जिनिंगच्या मॅनेजरच्या बंगल्यावरही आहे. कुणीतरी म्हणालं, मग फितूरच झाला तो. आणि पत्रक काढू या, असं — हो, मीच म्हणालो.

पत्रकाचा मथळा होता, 'ध्रुपदाबाईंचा आवाज कुणी पुसला?' माझं आजवरचं सर्वांत धारदार पत्रक. लोटनभाऊंचं नाव तीनदा होतं. स्टेशनवर वाटलं, जिनिंगच्या फाटकांवर वाटलं, त्यांच्या खोलीखाली शिंप्याच्या दुकानात गठ्ठाच ठेवला. आमचं काम तेव्हा चोख असायचं.

त्यानंतर लोटनभाऊ एकदाच धुळ्याला आले. ओट्याखाली उभे राहिले, वर चढले नाहीत. म्हणाले, "अक्का, मी गच्चीवर व्हतू. मशीनले हात तुम्हना ह्या भाऊनी लाया."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी लोटनभाऊंकडे बघितलं — आणि मान हलवली. हळू. कीव केल्यासारखी. एखादा माणूस किती खाली गेला याचं वाईट वाटावं, तशी. ते मला न शिकवता आलं. अक्का उठून आत गेल्या.

मग ते मला म्हणाले, "तुम्हनं पत्रक वाचं. शुद्धलेखन चांगलं शे."

एकेका घराने वायर काढायला लावली. जिनिंगमधल्या बायकांची घरं सगळ्यांत आधी, ज्यांच्यासाठी त्यांनी रविवार दिला होता. वर्षभरात दुसऱ्या केबलवाल्याने ती गल्ली घेतली. लोटनभाऊ चोपड्याला गेले, तिथे मिक्सर-पंखे दुरुस्त करतात असं ऐकतो. चोपड्याला आमच्या सभा होतात. मी बसस्टँडवर उतरतो, सभेला जातो, शेवभाजी खातो, परत येतो. बाजारातून जात नाही.

ध्रुपदाबाईंकडे आम्ही पुन्हा कॅमेरा घेऊन गेलो होतो. त्या दारातच बसल्या होत्या, डाळ निवडत. मान वर केली नाही. "सांगी टाकं एकदाव. आते नई," म्हणाल्या. एकदा सांगून टाकलं, आता नाही. चौकशीच्या साहेबांपुढे मालकाचा कागद होता. आमच्याकडे काही नव्हतं. मुलगी त्या दिवशी कामावर नव्हती, असं आता सरकारी कागदावरही आहे.

आणि मी? मी मोठा झालो संघटनेत. त्या पत्रकाने माझं नाव झालं.

अक्का गेल्या हिवाळ्यात वारल्या. शेवटी-शेवटी मी रोज सकाळी त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचो. अंग थकलं होतं, डोकं लख्ख. एका सकाळी कुठल्याशा केबलच्या बातमीवर त्यांनी हाताने थांबवलं मला. छताकडे बघत म्हणाल्या, "तो लोटन रे. आईवर किती जीव होता त्याचा. त्यानं असं का केलं असेल?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या उत्तराची वाट बघत होत्या, मान माझ्याकडे वळवून.

मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला लागलो.