ममताचा गृहपाठ

राजूरला कोळसा खाणीच्या रस्त्यावर ममताची खानावळ. वरणाला नुसती फोडणी पडली तरी जाणारा माणूस थबकावा, असा तिचा हात. पण बाईला एक खोड होती. आपलं माणूस नजरेआड झालं की तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. पोरगा अश्वजित पुण्याला नोकरीवर. त्यानं फोन उचलला नाही तर ही लावतच राहायची, मग रूमवरच्या मित्रांना, मग थेट साहेबाला. शेवटी पोरगा चिडला. "आई, तू इलाज कर, नाहीतर मी नंबरच बदलतो."

त्यानंच तिला मोबाईलवरच्या एका समुपदेशनाच्या गटात घातलं. नागपूरच्या मैत्रेयी मॅडम, अन् पडद्यावरच्या चौकटींत आपापलं दुःख घेऊन बसलेली माणसं. दुपारी डबे गेले की ममता फोन तेलाच्या पिंपाला टेकवून बसायची. मॅडम समजावून सांगत: लहानपणी ज्याला कोणी सोडून गेलं, तो पुढं माणसाला घट्ट धरून बसतो, नाहीतर मग कोणाला धरतच नाही. ममताची माय तिला मावशीकडे ठेवून वीटभट्टीवर गेली, ती परत आलीच नाही. म्हणजे ममता पहिल्यांतली.

दुसऱ्यांतले होते गटातले एक काका. कॅमेरा बंद, चौकट काळी, बोलणं मोजकं. "मले कोणाची गरज नाही पडत," एवढंच. एकदा खाणीत सुरुंग उडाला, ममताची भांडी थरथरली, अन् क्षणभरानं तोच धडाका काकांच्या चौकटीतून आला. म्हणजे माणूस राजूरचाच! तिनं कान टवकारले. मागं कबुतरं घुमत होती. अगं बाई, हे तर जुन्या क्वार्टरमधले भीमराजकाका! खाणीतून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून कबुतरांशीच बोलणारे. पण गटाबाहेर कोणी कोणाला ओळख द्यायची नाही, असा कडक नियम होता. ममतानं तोंडाला कुलूप लावलं.

मॅडमनी तिला गृहपाठ दिला. जीव घाबरला तरी फोन नाही, धावत जाणं नाही. जागेवर बसून राहायचं, घालमेल आपोआप ओसरते. पोराच्या बाबतीत तिनं तो कसाबसा पाळला, अन् खरंच, अश्वजित आपणहून फोन करायला लागला. मॅडमचा शब्द तेव्हापासून तिला काळ्या दगडावरची रेघ.

मग एका दुपारी काकांनी पहिल्यांदाच चेहरा दाखवला. दाढी केलेली, अंगात पांढराशुभ्र सदरा. "आज लय हलकं वाटून राह्यलं," ते हसून म्हणाले. "कबुतरं देऊन टाकली पोरांले. पण कबुतर देल्लं तरी घरी वापस येते ना, म्हणून ढाबळबी मोडून टाकली."

"छान काका! मोकळे झालात," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ममताच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाखरांचं घर आपल्या हातानं मोडून हा माणूस हसतो कसा? फोन बंद होताच तिनं चपला घातल्या. क्वार्टर हाकेच्या अंतरावर. पण उंबऱ्यातच पाय अडला. 'काहून चालली तू? हाच तर तुया रोग आहे,' तिनं स्वतःलाच दटावलं. एवढ्या शिकलेल्या मॅडमना काही वावगं दिसलं नाही, अन् तू कोण मोठी लागून गेलीस? ती मागं फिरली आणि ओट्यापाशी बसली. छाती धडधडत होती. तरी ती उठली नाही. हळूहळू धडधड थांबली. अन् त्या वेडीला त्याचा अभिमान वाटला हो! संध्याकाळच्या पोळ्या तिनं गुणगुणत लाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या क्वार्टरचं दार तोडलं, तेव्हा सारं राजूर जमलं होतं. काकांनी आपल्याच हातानं जीव दिला होता. ममताही त्या गर्दीत होती. चादरीत गुंडाळलेलं प्रेत बाहेर आणलं, लोक हळहळले, बायका रडल्या.

मॅडमना कळवणार कोण? काका गटात होते हे राजूरात ममताशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, अन् तिचा धीर झाला नाही. पुढच्या बैठकीला मॅडमनी नेहमीसारखं हसून विचारलं, "ममताताई, गृहपाठ जमला का?"

"जमला."

पुन्हा टाळ्या वाजल्या. मॅडमनी चौकटींवरून नजर फिरवली. "आज काका दिसत नाहीत. कोणाला काही माहीत आहे का?"

"मले माहीत होतं, मॅडम," ममता म्हणाली. "मी निघालीच होती त्यायच्याकडे. तुम्ही बसून राहा म्हणलं, म्हणून बसली मी."