उणे दोन सेकंद

रामटेके सर गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. नागभीडला आमच्या शाळेच्या फाटकापाशी गाडी जरा थांबवून त्यानं शिपायाला सांगितलं, शिपायानं वर्गात येऊन मला, आणि मी फळ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिलो. नववीच्या मुलांना वाटलं, सर पुढचं गणित आठवताहेत. मला आठवत होतं ते सरांचं खाली गेलेलं तोंड. गेलेल्या माणसाच्या आठवणीनं ऊर भरून येतो म्हणतात. माझं तसं झालं नाही, मला लाज वाटली... सरांचं नाव निघालं की मला आधी लाजच वाटते, बाकीचं सगळं नंतर. महिना उलटला तरी तसंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. शाळा दहावीपर्यंत. सर मूळचे मराठीचे. गणिताचे मास्तर बदली करून घेऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी येईना. आमच्याकडची बदली म्हणजे शिक्षा असा समज होता, आणि ज्यांना ती शिक्षा व्हायची ते वशिला लावून रुजू होण्याआधीच सुटायचे. शेवटी हेडमास्तरांनी गणिताचं पुस्तक सरांच्या हातात ठेवलं. ते नाही म्हणाले असते तर वर्ग रिकामा राहिला असता. मग सर घरी पाठ वाचून यायचे आणि जसा कळला तसा आम्हाला सांगायचे. मराठी शिकवताना त्यांचा आवाज कसा मोकळा असायचा. गणिताच्या तासाला तो चढायचा. नीट कळलेलं नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो, हे मी स्वतः मास्तर झाल्यावर मला समजलं.

समीकरणासाठी सरांचा एकच मंत्र होता : “बाजू बदलली का चिन्ह बदलते.” तो आम्ही पाढ्यासारखा एका सुरात म्हणायचो. अधिक पलीकडे गेलं की उणे होतं, इथवर मंत्र खराच होता. पण सरांनी तो सगळ्यालाच लावला. दहा गुणिले टी बरोबर वीस असं असलं, की दहाला पलीकडे नेऊन आम्ही विसाला भागायचो, आणि बाजू बदलली म्हणून दहाच्या आधी उण्याची काडीही ठेवायचो. उत्तर यायचं उणे दोन. पुस्तकाच्या मागे मात्र नुसतं दोन छापलेलं असायचं. आम्ही विचारलं की सर जरा थांबायचे आणि म्हणायचे, “मांगं आहे तसं लिहा. बोर्डाले तेच पायजे.” आम्ही ते उणे खोडून टाकायचो. अशा खोडाखोडीवर, पुस्तकातली गणितं उत्तरासकट पाठ करून मी दहावीत गावातून पहिला आलो आणि गडचिरोलीला अकरावी सायन्सला गेलो. आमच्या गावातून सायन्सला जाणारा पहिलाच. निघताना सरांनी माझ्या खिशाला स्वतःचा पेन लावला.

तिथल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी पहिल्या काही दिवसांतच मला फळ्यावर बोलावलं. उंचावरून दगड सोडला, जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला वीस मीटर होता, गुरुत्वत्वरण दहा धरा, तर दगड किती वेळात खाली आला? मी झटक्यात केलं. उणे दोन सेकंद. इथे मागे उत्तर छापलेलं नव्हतं, त्यामुळे काय खोडायचं तेही कळेना. सर म्हणाले, “म्हणजे हातातून सुटायच्या दोन सेकंद आधीच खाली पडला? अजब दगड आहेत बुवा तुमच्या जंगलात.” वर्ग हसला. मग त्यांनी एका ओळीत दाखवलं : दोन्ही बाजूंना दहानं भागा, चिन्हाला हात लावायचं काही कारणच नाही. ते अवघड असतं तर मला इतकं लागलं नसतं, ते इतकं सोपं होतं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. होस्टेलची मुलं मला “उणे दोन” म्हणू लागली. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तेच. सूत्र पाठ असायचं, पण त्यातलं एक अक्षर एकटं करून घ्यायचं म्हटलं की मी चिन्हापाशी अडायचो. दिवाळीला घरी आलो तो आर्ट्सला जायचं ठरवूनच.

रामटेके सरांच्या ओसरीवर बसलो होतो. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा आणि मुरमुऱ्यांचा चिवडा आणून ठेवला. सायन्स सोडतो म्हटल्यावर सर म्हणाले, “काऊन? काय अडून राह्यलं तुले?” मी ते दगडाचं गणित केलं तसं करून दाखवलं. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “मले त बरोबरच दिसते, बाबू.”

त्या क्षणी मला जे वाटलं ते कसं लिहू... ज्यांच्यापुढे मी मान वर करून बोललो नव्हतो, त्यांना मी दोन्ही बाजूंना दहानं भागून दाखवत होतो. सर ऐकत गेले आणि त्यांचं तोंड खाली खाली जात राहिलं. मग म्हणाले, “म्हणजे माहंच चुकलं. इतके साल मी पोराईले चुकीचं शिकवून राह्यलो होतो.”

“नाही सर,” मी म्हटलं, “तुमचं काय चुकलं?”

“तू सायन्स सोडू नको. तू सोडलं त मीच सोडवलं असं होईन.”

दिवाळीनंतरच्या शनिवारी सर गडचिरोलीला आले. पुढे दर शनिवारी तेच : सकाळची शाळा आटोपून दुपारची एसटी पकडायची आणि प्रयोगशाळेबाहेर उभं राहायचं. पहिल्याच दिवशी माझ्या भौतिकशास्त्राच्या सरांना त्यांनी हात जोडून सांगितलं, “या पोराची चुकी माही आहे. मले शिकवा, मी त्याले शिकवतो.” ते तरुण गृहस्थ गडबडून उठून उभे राहिले. मग आम्ही दोघं, मी आणि माझे पिकल्या केसांचे मास्तर, एकाच बाकावर बसून अपूर्णांकापासून सुरुवात करायचो. कुणी डोकावून गेलं की माझे कान तापायचे. सर मात्र मान खाली घालून भागाकार करत राहायचे. वार्षिक परीक्षेत मी काठावर का होईना, पास झालो. सायन्स सुटलं नाही.

पण सरांचं तेवढ्यावर भागलं नाही. सुटीच्या दिवशी सायकल काढून ते जुन्या विद्यार्थ्यांच्या गावोगाव जायला लागले, शिकवलेलं परत घ्यायला. धानोऱ्याच्या बाजारात मी एकदा पाहिलं : मोहफुलं विकायला बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यापुढे सर उकिडवे बसून काडीनं मातीत समीकरण मांडत होते आणि तो बिचारा गिऱ्हाईक सोडून “हो सर, हो सर” करत होता. लोक म्हणायचे, मास्तर येडा झाला. समीकरण समजावून झालं की सर प्रत्येकाला एकच विचारायचे, “चुकलंच होतं ना माहं?” आणि प्रत्येक जण म्हणायचा, “नाही सर, असं काय बोलता.” मी मास्तर झालो तरी भेटलो की त्यांचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. दर वेळी सर नुसती मान हलवायचे आणि आता कोणाकडे जायचं राहिलं ते मोजायला लागायचे. मला वाटायचं, मी त्यांचा मान राखतोय.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, गावी गेलो. बुद्धवंदना झाल्यावर माणसं पांगली आणि सरांच्या ओसरीवर माझ्याशेजारी मारोती येऊन बसला. माझ्या पुढच्या वर्गात होता. दहावीत गणितात नापास, पुन्हा बसला, पुन्हा नापास, मग गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत कामाला लागला.

“सर आले होते माह्याकडे,” तो म्हणाला. “खदानीच्या फाटकावर उन्हात बसून राह्यले सुटी होईपर्यंत. घरी नेलं त म्हणे, मारोती, तू नापास झाला नाई, मी केलं तुले. चुकलं ना माहं?”

“मग तू काय म्हटलंस?”

“काय म्हणू? हाव म्हटलं. हाव सर, चुकलं तुमचं. लय नुकसान झालं माहं. मी सोताले ढ समजत राह्यलो.”

मी त्याच्याकडे वळून बसलो.

“मंग सर रडले. लय रडले. आन् थोड्या वेळानं म्हणे, घरी काय बनवलं? भात होता, अंबाडीची भाजी होती. पोटभर जेवले, आन् तिथीच आडवे झाले. मस्त झोप लागली त्याईले.”

आतून बाई म्हणाल्या, “गडचांदूरहून आल्यावर सायकल नाई काढली मंग त्याईनं.”

समोर भिंतीला टेकून सरांची आरामखुर्ची होती, तिच्या कापडाला मधोमध त्यांच्या बसण्याचा खोलगट आकार अजून तसाच होता. इतक्या वर्षांत मला त्यांना एकदाही “हाव सर” म्हणता आलं नाही. मारोतीनं पुढे काय विचारलं ते मी ऐकलं नाही. मी त्या खुर्चीपुढे मान खाली घालून बसून होतो.