सतरा वेळा मेलेली बाई

टेक्सासच्या शुगर लँडमधल्या आमच्या कम्युनिटी पूलमध्ये एक गोरी म्हातारी निपचित तरंगताना दिसली. मी खिशातल्या फोनसकट उडी मारली. दंड धरताच तिने एक डोळा उघडला. "सॉरी, हनी. जुनी सवय!"

ती टीव्हीवरची नटी होती. चाळीस वर्षं गुन्ह्यांच्या मालिकांत तिने फक्त प्रेतं केली. सतरा वेळा मेली. तळ्यात, गाडीच्या डिकीत, एकदा चक्क लग्नाच्या केकवर. संवाद एकही नाही.

"सगळ्यात अवघड काय असतं?" मी विचारलं.

"हीरो रडायला लागला की नेमकं माझं नाक खाजतं."

मग रोज संध्याकाळी गप्पा व्हायच्या. तरंगण्याआधी ती केस पाण्यावर नीट पसरून घ्यायची.

एकदा आठवडाभर ती फिरकलीच नाही. माझ्या मनात नको नको ते आलं. आणि एके दिवशी स्वारी लांबूनच हात हलवत आली.

"ऑडिशनला गेले होते. रोल मिळाला! कोमातली बाई!"

"म्हणजे पुन्हा पडूनच राहायचं?"

"शेवटच्या भागात डोळे उघडायचेत!"

लगेच बाकावर आडवी होऊन तिने करून दाखवलं. डोळे टक्कन उघडले.

"जरा सावकाश उघडा ना," मी म्हटलं.

"सावकाश? चाळीस वर्षं मिटलेत ते!"