माळवदावरचा शरणाप्पा

तुमच्या डोक्यावर किती माती आहे, हे तुम्ही घरमालकाला कधी विचारले आहे का?

सोलापुरातल्या जुन्या पेठांत राहणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारतो. भाडे किती, नळ केव्हा येतो, हे आपण विचारतो. पण लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे ते माळवद आपण जेवताना, झोपताना आपल्यावर असते, आणि त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचे आपल्याला सुचत नाही. हा प्रश्न मला म्हादाप्पा गवंड्यांनी दिला.

ते मूळचे दुधनीचे. जुनी घरे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. आमचे माळवद गळू लागले म्हणून मालकांनी त्यांना बोलावले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. अंगणात येऊन त्यांनी डोक्याचे मुंडासे काढले, तोंडाभोवती हात धरले आणि वर पाहून हाक मारली, "शरणाप्पा, केळग बा!"

कानडीत केळग बा म्हणजे खाली ये. कोण चढले आहे म्हणून आई जिन्याने वर जाऊन पाहून आली. वर तिने वाळत घातलेल्या मिरच्या होत्या, दुसरे कुणी नव्हते. म्हादाप्पा मात्र जिन्याच्या तोंडाशी थोडे थांबले, कुणी उतरून जावे तशी वाट दिली, आणि मगच आत शिरले. काम कुठलेही असो, कुणाचेही असो, ही हाक मारल्याशिवाय त्यांनी कधी थापी उचलली नाही. गल्लीतली मंडळी पाठीमागे हसायची. मी हसलो नाही, पण दुपारी एकटा माळवदावर जायचेही मी सोडले.

तळमजल्याच्या खोलीत राजय्या विणकर राहत. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला, आणि त्याच्या नेमकी वर एक तुळई खाली झुकलेली. म्हादाप्पांनी ती बोटांच्या पेरांनी ठोकली, तिला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मालकांना म्हणाले, आधी सगळी जुनी माती उतरवायची, तुळई बदलायची, मग नवी माती. मालक म्हणाले, मृग तोंडावर आलाय, एक थर टाका, दरसालचेच काम आहे.

"टाकता दरसाल, काडता कवा?" म्हादाप्पा म्हणाले. "जेवणारा मानूस बी सकाळी वड्याकडं जातोय की, शेट."

राजय्यांना हसू आवरेना. मालक मात्र चिडून निघून गेले. गवंडी काय तो एकटाच आहे, असे जाता जाता ऐकवूनही गेले.

यातली चूक नीट समजून घ्या. गळले की वर नवी माती, पुन्हा गळले की पुन्हा माती. आधीचा थर काढायला वेळ लागतो, म्हणून तो कुणी काढत नाही. मालक सांगतो आणि गवंडी टाकतो. छप्पर वर्षावर्षाने जड होत जाते आणि आतले लाकूड वर्षावर्षाने पोकळ.

शरणाप्पा कोण, हे मी राजय्यांच्या मागाशेजारी बसून म्हादाप्पांनाच विचारले. तो म्हादाप्पांचा धाकटा भाऊ. एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरावर दोघे कामाला होते. तिथेही हेच, एक थर टाका.

"मालक म्हनला टाक, मी टाकली," म्हादाप्पा म्हणाले. "शरणाप्पा वर चोपत हुता. तुळई कुरकुरली. मला आयकू आलं की! मी म्हनलो, एवढा कोपरा झाला की उतर." त्यांनी मागाचा एक सैल दोरा बोटाने ताणला. "केळग बा म्हनायला किती येळ लागतोय? तेवढंच ऱ्हायलं."

माळवद शरणाप्पासकट खाली आले. त्याला अपघात म्हटले गेले. त्याच जागी नवे माळवद झाले.

गिरणीच्या दारात वाटली जाणारी पत्रके वडील घरी आणत, त्यांवरच मी अक्षरे शिकलो. माझे रक्त उसळले. मी एक पत्रक लिहिले, 'छप्पर की थडगे?', आणि ते छापूनही आणले. म्हादाप्पांनी ते माझ्याकडून पूर्ण वाचून घेतले.

"लई चांगलं लिवलंस," ते म्हणाले. "आता ह्येचाच टेकू लाव तुळईला." आणि मग, थट्टा संपवून, "मालक वाईट, ते बरूबर. पन टोपली माझ्या हातात हुती, बाळा. टोपलीवाला ह्यात कुटं हाय?"

त्या पत्रकाच्या प्रत्येक प्रतीवर खाली मी हाताने लिहिले: गवंड्यांनो, तुम्ही टाकू नका.

पण मालकांचे दुसरे दोन गवंडी आलेच. सकाळी गाढवांवरून पांढरी माती दारात उतरली. राजय्यांनी खोली सोडावी म्हणून आई विनवत होती. ते हलायला तयार नव्हते. खड्ड्यातला माग उचलता येत नाही, अर्धे लुगडे त्यावर, आणि माग थांबला की चूल थांबते. तेवढ्यात म्हादाप्पा आले. कुणाशी न बोलता ते आत गेले आणि झुकलेल्या तुळईखाली मांडी घालून बसले.

"टाका की," त्यांनी वर ओरडून सांगितले. "पन आदी खाली येऊन बगा, कोन कोन बसलंय."

आई पदर खोचून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मीही बसलो. ते गवंडी उतरले, दारातून त्यांनी आम्हाला पाहिले, तुळईकडे पाहिले. त्यांच्यातल्या मोठ्याने टोपली जमिनीवर पालथी घातली. मालक ओरडत राहिले. दोघांपैकी एकानेही टोपली परत उचलली नाही.

शेवटी मालक नमले आणि जुनी माती उतरली. थराखाली थर निघाले, कुणाकुणाच्या फुटक्या बांगड्या निघाल्या, आणि शेवटी तुळई. वरून धड, आतून वाळवीने पोखरून नुसते कवच ठेवलेले. म्हादाप्पांच्या हातात तिचा भुगा आला. तो त्यांनी मुंडाशाच्या टोकात बांधून घेतला. का, ते मी विचारले नाही.

नवी तुळई चढली, त्या दोन गवंड्यांनीच हात लावला. शेवटचे चोपणे म्हादाप्पांनी स्वतः केले. दिवस कलताना ते खाली आले, अंगणात उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, या वेळी हळू, धाकट्या भावाला मारावी तशी, "शरणाप्पा, केळग बा, तम्मा."

जिना वाजला. एकेक पायरी, ओल्या मातीच्या जड पायांनी कुणी उतरावे तशी. राजय्यांचा माग थांबला. म्हादाप्पा अंग चोरून भिंतीला टेकले आणि त्यांनी वाट दिली. कुणीही आले नाही.

मी भूत मानत नाही. काम संपले की जुने लाकूड सैलावते आणि वाजते, हे मला कळते. तरी त्या जिन्यावरून उतरताना आजही माझा पाय कडेने पडतो.

गेल्या वर्षी म्हादाप्पा दुधनीला वारले. राजय्यांचा माग त्याच खोलीत चालू आहे.

म्हणून तुम्हाला एकच मागणे. यंदा तुमच्या माळवदावर माती चढू लागली, तर जुना थर उतरवल्याशिवाय एक टोपलीही पडू देऊ नका. वर जो माणूस असेल त्याचे नाव विचारून घ्या. एवढा कोपरा होऊ दे, असे म्हणू नका. अंगणात उभे राहा, त्याच्या नावाने हाक मारा आणि त्याला खाली बोलवा.